उम्म ताहिरच्या अंगणातला बहावा

१० जानेवारी, शुक्रवार
नव्या वर्षाचे संकल्प जरा उशिरा, कारण बँकेची डायरी कालच हातात पडली. कागद पातळ आहे, शाई मागे उमटते. तरी चालेल. यंदा रोज चालायला जाणार. साखर बंद. कुणालाही घाबरणार नाही.

हा शेवटचा संकल्प तसा अनावश्यक आहे. बँकेच्या रिस्क डिपार्टमेंटमध्ये आयुष्य काढलेला माणूस घाबरत नसतो, तो धोका ओळखतो. विशाखाला हा फरक लग्नापासून समजलेला नाही.

संध्याकाळी उम्म ताहिर आली होती. आमची घरमालकीण. खरं नाव झोहरा, पण बहरीनमध्ये बाईला थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून ताहिरची आई. बुदैयाच्या या प्लॉटवर पुढे तिचं मोठं घर, मागे आमचं छोटं. मध्ये भिंत, भिंतीत हिरवं लोखंडी दार. ते दार करकरलं की मी टीव्हीचा आवाज कमी करतो. शिष्टाचार म्हणून.

बाई ऐंशीला टेकलेली. वडील मोत्यांच्या व्यापारात होते, लहानपण मुंबईत गेलं, त्यामुळे हिंदी बोलते. ती हिंदी ऐकली की मला हेडमास्तरांच्या केबिनबाहेर उभं केल्यासारखं वाटतं. म्हणाली, नातीचं लग्न मे महिन्यात आहे. ताहिर म्हणतो मेंदीचा कार्यक्रम झल्लाकच्या रिसॉर्टमध्ये करू. हिला तो अंगणात हवाय, झाडाखाली.

झाड म्हणजे आमच्या अंगणातला बहावा. तिच्या नवऱ्याने मुंबईहून रोप आणून लावलेला. ती त्याला खियार शंबर म्हणते. काठी झाडाकडे रोखून म्हणाली, "शादी में इसको फूल होना. तुम हिंदी लोग को मालूम है ना ये सब?" हिंदी म्हणजे इथे भारतीय.

मी म्हणालो, पक्का.

का म्हणालो ते आता आठवत नाही. तोंडातून आलं. विशाखाने माझ्याकडे पाहिलं, मी झाडाकडे पाहिलं.

मेअखेर आमचं अ‍ॅग्रीमेंट संपतं. ताहिरला या घरात दवाखाना काढायचाय हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्याला अडवणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे त्याची आई. म्हणजे हिशेब सरळ आहे: फुलं आली तर घर राहिलं. विशाखा म्हणते असं कुणीही म्हटलेलं नाही. काही गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत.

११ जानेवारी
सकाळी झाडाची पाहणी केली. उंच आहे. हिरवं आहे. पाच वर्षांत याला एकदाही फूल आलेलं मी पाहिलेलं नाही, हे आज लक्षात आलं. पण उन्हाळ्यात आपण सुट्टीवर पुण्याला असतो. फुलं तेव्हा येत असणार. लॉजिकल आहे.

चालायला गेलो नाही. वारा होता.

१७ जानेवारी
सांगोल्याला बाळाजीकाकांना फोन. काकांची डाळिंबाची बाग आहे. मी मूळचा सांगोल्याचाच, म्हणजे सहा वर्षांचा होईपर्यंत होतो. शेती रक्तात असते, ती कुठे जात नाही.

म्हटलं, काका, एक झाड आहे, फूल धरत नाही, मेपर्यंत पाहिजे. काका हसले. म्हणाले, "आरं लेका, त्यात काय हाय! पाणी तोड. ताण दे. पान गळंस्तोवर मागं बघू नगंस. मग पाणी सोड, फुलं मोजता यायची न्हाईत तुला."

ताण! एवढं साधं. झाडाला तहान लावायची, ते घाबरतं, आता आपण मरतो असं त्याला वाटतं आणि वंश राहावा म्हणून भराभरा फुलतं. आमच्याकडची सगळी डाळिंबं याच भीतीवर पिकतात. इथल्या लोकांना हे माहीत नाही. ते बिचारे रोज पाणी घालतात.

१ फेब्रुवारी
ताण सुरू. पाण्याचा पाइप गुंडाळून स्टोअररूममध्ये ठेवला, किल्ली माझ्या खिशात.

उम्म ताहिर दारातून डोकावली, पाइप कुठे गेला विचारलं. मी तिला पूर्ण थिअरी समजावून सांगितली. हिंदीत ताणाला शब्द सापडेना, म्हणून अभिनय करून दाखवला. हात वर करून तहानलेलं झाड, मग पाणी, मग फुलं. तिने खुर्ची मागितली. बसून सगळं ऐकलं. शेवटी विचारलं, "आएगा?"

पक्का, म्हटलं.

बाई खडूस आहे. एवढा वेळ बसून फक्त माझी परीक्षा घेत होती.

१४ फेब्रुवारी
पानं पिवळी पडायला लागली. प्लॅनप्रमाणे. काका म्हणाले तस्संच. अतिशय समाधान.

जेवण जात नाही. कँटीनचं तेल बदललं असावं.

१९ फेब्रुवारी
अंगणात पानांचा खच. प्लॅनप्रमाणे. तरीपण ऑफिसला जायच्या आधी सगळी गोळा करून काळ्या पिशव्यांत भरली आणि पिशव्या पाण्याच्या टाकीमागे लपवल्या. लपवल्या म्हणजे ठेवल्या. कचऱ्याच्या पेटीत टाकल्या असत्या तर तिच्या ड्रायव्हरने पाहिल्या असत्या, आणि लोकांना अर्धवट माहितीवरून निष्कर्ष काढायची सवय असते.

संध्याकाळी हिरवं दार करकरलं. मी त्या वेळी योगायोगाने टाकीमागेच होतो, व्हॉल्व्ह तपासत. बाईने मृणालीला विचारलं, बाबा कुठाय? माझ्या मुलीने, जी दहावीत आहे आणि जिला इथे कसलीही कमी पडलेली नाही, इंग्लिशमध्ये सांगितलं की ही इज बिहाइंड द टँक.

बाहेर आलो. कपड्यांना जळमटं लागलेली. ती झाडाकडे बघत होती. खराटा झालेल्या झाडाकडे. "आएगा?" मी म्हणालो, पक्का, हीच तर स्टेज आहे. आणि परत सगळं समजावलं. बाई हलायला तयार नाही. काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिली. माझी पाठ घामाने भिजली, फेब्रुवारीत.

ती गेल्यावर मृणाली म्हणाली, "बाबा, यू आर सो स्केअर्ड ऑफ हर." तिला म्हटलं, याला रिस्पेक्ट म्हणतात.

२३ फेब्रुवारी
झाड मेलं असेल का?

मेलं नाही. कारच्या किल्लीने साल खरवडून पाहिली, खाली हिरवं. जीव भांड्यात पडला. खात्रीसाठी दुसरीकडे खरवडली, तिथे तपकिरी. म्हणून आणखी खरवडली. मग आणखी. आता झाडाला खरूज झाल्यासारखं दिसतंय आणि मला पहिल्यापेक्षा कमी माहिती आहे.

नेटवर एके ठिकाणी लिहिलंय की बहाव्याची पानं या दिवसांत तशीही गळतात. म्हणजे मी काही केलं नसतं तरी गळली असती? हे वाचून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. श्रेय तरी माझं राहू द्या.

१ मार्च
रमजान सुरू. आता रोज संध्याकाळी उम्म ताहिरकडून इफ्तारचं ताट येणार. दरवर्षी येतं. ताट रिकामं परत करायचं नाही हे तिच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही, त्यामुळे महिनाभर दोन्ही घरांत फक्त ताटं फिरतात. एरवी मी या महिन्याची वाट बघतो. तिच्याकडचं हरीस, ते मऊ शिजवलेलं गहू-मटण, मी वाटीने नाही, पातेल्याने खाल्लेलं आहे.

यंदा अडचण अशी की ताट घेऊन ती स्वतः हिरव्या दारात येते, आणि दारातून झाड दिसतं.

उपाय केला. दार करकरायच्या आधीच मी दारात जाऊन उभा राहतो. हात जरा पसरून, म्हणजे चौकट भरते. ताट घेतो, शुक्रन म्हणतो, "आएगा?" ला पक्का म्हणतो. ती मान वाकडी करते त्या बाजूला मी सरकतो. विशाखा म्हणाली, तू गोलकीपर वाटतोस.

हरीस घशाखाली उतरलं नाही.

१५ मार्च
कळी नाही. मोहर नाही. काही नाही. काठ्या.

काकांना फोन. म्हणाले, "मुळ्या उघड्या करून ऊन दे, मंग बघ." फोन कट. सांगोल्यात लाइट गेली असणार.

१६ मार्च
ऑफिसमधून लवकर निघालो. कारण दिलं डेंटिस्ट. खोडाभोवती गुडघाभर खड्डा खणला. माती वरून पीठ, खाली दगड. मुळं दिसायला लागली. बारीक, पांढरट, उन्हात येताच आकसल्यासारखी. एकदम वाटलं की आपण झोपलेल्या कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण ओढलंय.

खड्ड्यात बसून राहिलो थोडा वेळ. खणायची सवय नाही.

विशाखा बाहेर येऊन म्हणाली, अरे तिला सरळ सांग ना, येत नाहीत फुलं म्हणून, काय करणार आहे ती? मी म्हणालो, घरातून काढेल. विशाखा म्हणाली, म्हातारी आहे ती, पोलीस नाही. बायकांना परिस्थितीचं गांभीर्य कळत नाही. मृणालीची शाळा, विशाखाची शाळेतली नोकरी, दोन्ही इथून जवळ. परत फ्लॅट शोधा, परत सामान हलवा, कुठल्या तरी उंच इमारतीत दुसऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून राहा. आणि कशामुळे, तर माझ्या एका शब्दामुळे. रात्रंदिवस डोक्यात तेच असतं. भीती नाही. अंदाज.

३० मार्च, ईद
शुभेच्छा द्यायला पुढच्या घरी गेलो. अख्खं खानदान जमलेलं. बाईने मला स्वतःशेजारी बसवलं, हलव्याची ताटली हातात दिली आणि सगळ्यांना अरबीत काहीतरी सांगितलं. सगळे माझ्याकडे बघून हसले. ताहिरने भाषांतर केलं: आई रोज तुमच्याबद्दल सांगते. राजन फुलं आणणार म्हणते. मग हसू थांबवून त्याने इंग्लिशमध्ये हळूच विचारलं की खरंच येणारेत का, कारण रिसॉर्टचं बुकिंग तो अजून करू शकतो.

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. म्हातारीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

पक्का, म्हणालो. सगळ्या नातेवाइकांसमोर. हलवा दाताला चिकटला होता, तरी स्पष्ट ऐकू गेलं.

घरी येऊन उलटी झाली. विशाखाला सांगितलं, तूप जास्त होतं.

५ एप्रिल
कारण सापडलं!! इतके दिवस मी स्वतःला दोष देत होतो (तसा देत नव्हतो). एसीचं पाणी! उकाडा सुरू झाल्यापासून एसी चालू, त्याच्या पाण्याची नळी थेट खड्ड्यात ठिबकते. झाड गुपचूप पाणी पितंय. याला ताण कसला बसतोय, पाहुणचार चाललाय त्याचा.

एसी बंद. घरात सगळ्यांना सांगितलं, लग्नापर्यंत पंखे.

६ एप्रिल
मृणाली मैत्रिणीकडे राहायला गेली. विशाखाने एसी लावला आणि नळीखाली बादली ठेवली. रोज बादली ओतायचं काम माझं. तत्त्व म्हणून मान्य केलं.

११ एप्रिल, शुक्रवार
लिहायला हात धड नाही.

दुपारी वारा सुटला. धूळ एवढी की समोरचं घर दिसेना. खिडकीतून बघत होतो. झाड हललं. हलतातच झाडं. मग सबंध हललं, बुडापासून, सैल झालेल्या दातासारखं. आणि हळूहळू कलायला लागलं. उम्म ताहिरच्या भिंतीकडे. भिंतीपलीकडे तिची बसायची जागा आहे.

धावलो. मिठी मारून झाड धरलं. माणूस झाड धरू शकत नाही, हे मला माहीत आहे, पण त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही. डोळ्यांत, तोंडात धूळ. विशाखा, विशाखा असं ओरडत होतो. ती दोरी घेऊन आली. दोरी झाडाला बांधली, दुसरं टोक बांधायला काही नाही, म्हणून तिच्या गाडीला बांधलं. गाडी पुढे घेतली, दोरी ताठ झाली, झाड थांबलं.

आम्ही दोघं व्हरांड्यात खाली बसलो. ती हसायला लागली. मी हसलो नाही. मला वाटत होतं की पडलं असतं आणि उम्म ताहिर पलीकडे बसलेली असती तर. घर गेलं तर गेलं. म्हातारी बसलेली असती तर.

१३ एप्रिल
विशाखा टॅक्सीने शाळेत गेली. गाडी झाडाला बांधलेली आहे असं स्टाफरूममध्ये सांगावं लागलं म्हणे. माझ्याशी बोलत नाही.

उम्म ताहिरने दारातून झाड पाहिलं, दोरी पाहिली, गाडी पाहिली. मी म्हणालो, टेक्निक आहे. "आएगा?" पक्का.

१६ एप्रिल
ताण पुरे. खड्डा बुजवला, गाडी सोडवली, पाणी सोडलं. आता काकांच्या म्हणण्याप्रमाणे फुलं मोजता यायची नाहीत. वेळ कमी म्हणून खतही आणलं, युरिया. नर्सरीवाला लतीफ म्हणाला, एक मूठ, साहब. पण मूठ हे काही प्रमाण नव्हे. कुणाची मूठ? पिशवी रिकामी केली.

२२ एप्रिल
आले!!! फांद्यांच्या टोकांना कोंब! हिरवे, टपोरे, शेकड्यांनी! मी विशाखाला उठवलं, मृणालीला उठवलं. विशाखाच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरवड्यात मेंदी, बरोब्बर वेळेत. याला म्हणतात नियोजन. हरीसचा सीझन गेला याचं पहिल्यांदा वाईट वाटलं.

काकांना मेसेज टाकला: काका, जिंकलो.

२४ एप्रिल
कोंब उघडतायत. पानं आहेत.

आधी पानं येत असतील, मग फुलं.

२८ एप्रिल
पानं. फक्त पानं. एवढाली, हिरवीगार, माजलेली. सगळं झाड भरलं, आकाश दिसत नाही. इतका निरोगी बहावा अख्ख्या बहरीनमध्ये नसेल. मला त्याच्याकडे बघवत नाही.

काकांचा फोन आला, जिंकलो म्हणजे काय विचारायला. फोटो पाठवला. काकांनी तो उघडून पाहिला. मग म्हणाले, "आरं, ह्ये डाळिंब न्हाई." मी म्हणालो, बहावा आहे. काका म्हणाले, "बहाव्याला कोण ताण देतंय व्हय? त्यो रस्त्याकडंला आपसूक फुलतो." म्हटलं, मग तुम्ही मला ताण द्यायला का सांगितलंत? तर म्हणाले, तू झाड म्हणालास. त्यांच्याकडे झाड म्हणजे डाळिंब. नंतर ते असंही म्हणाले की गेल्या साली काकूच्या जास्वंदीलाही त्यांनी ताण दिला होता. फुलली का विचारलं. वाळली, म्हणाले.

या माणसाच्या भरवशावर मी घर पणाला लावलं.

१ मे
सुट्टी. सकाळी ठरवलं, जाऊन खरं सांगायचं. वाक्यं पाठ केली. हिरव्या दारावर टकटक केली. तिने स्वतः उघडलं. डोक्यावरची ओढणी सारखी करत हसली, आणि मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं. मी म्हणालो, पक्का, अगदी थोडे दिवस.

परत येऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसलो.

दुपारी मनामा. देवळाजवळच्या गल्लीत पूजेचं सामान मिळतं. प्लॅस्टिकच्या पिवळ्या माळा होत्या त्या सगळ्या घेतल्या. झेंडूच्या आहेत. बहावा आणि झेंडू, लांबून काय फरक कळतो. पिवळं ते पिवळं.

७ मे
शिडी. माळा. पानं एवढी दाट की माळा आत गडप होतात, बाहेर ओढून तारेने बांधाव्या लागल्या. विशाखा खाली शिडी धरून उभी होती. शेवटी एवढंच म्हणाली की, राजन, हे फार वाईट दिसतंय रे. मी म्हणालो, दिव्यांत बरं दिसेल.

आम्हा पुरुषांना कार्यक्रमाला बंदी आहे, फक्त बायका. हा एक दिलासा.

९ मे, शुक्रवार
काल संध्याकाळी गाडी घेऊन गल्लीच्या टोकाला थांबलो होतो. आतून ढोलकीचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. मला कळलं.

मृणालीने आज सांगितलं ते असं. नवरीला झाडाखाली बसवलं. उम्म ताहिर काठी टेकत आली, वर पाहिलं. काठीने एक माळ खाली ओढली. एक फूल चिमटीत धरलं. वास घेतला. ढोलकीवालीचा हात हवेत. मग म्हातारी हसायला लागली. इतकी हसली की तिला धरून खुर्चीत बसवावं लागलं, आणि हसता हसता डोळे पुसत राहिली, ते बराच वेळ. मग तिने ती माळ गळ्यात घातली. मग सगळ्यांनी झाड ओरबाडलं आणि माळा घालून नाचल्या. मृणाली म्हणाली, इट वॉज काइंड ऑफ स्वीट, बाबा. मग म्हणाली, अँड काइंड ऑफ एम्बॅरसिंग.

हसली म्हणजे काय? रागाने हसली? अपमान झाला म्हणून हसली? डोळे का पुसले?

विशाखाला म्हटलं, फ्लॅट बघायला सुरुवात करू. ती म्हणाली, आधी तू जेव.

१० मे
दार करकरलं नाही.

११ मे
दार करकरलं नाही. करकरलं की धडकी भरायची. न करकरण्याची भीती जास्त आहे हे आत्ता कळतंय.

१२ मे
संध्याकाळी आली. एकटी. मी टाकीकडे गेलो नाही. तिने खुर्ची मागितली. झाडाखाली बसली, मलाही बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

ती जे बोलली ते आठवेल तसं लिहितो. या झाडाला कधीच फूल आलेलं नाही. एकदाही नाही. लावल्यापासून. तिचा नवरा दर जानेवारीला इथेच उभा राहून सांगायचा, इस साल पक्का. मग कधी खिळे ठोकायचा, कधी समुद्राचं शेवाळ आणून घालायचा, कधी फांद्या तोडायचा, आणि सगळी थिअरी हिला समजावून सांगायचा. ही खुर्ची टाकून ऐकायची. वर्षानुवर्षं. तो गेला आणि मग कुणी काही सांगेना. ताहिर म्हणतो, काढून टाकू. हिच्या तब्येतीचं विचारलं तर डॉक्टर म्हणतात, बघू. सगळे इंशाल्ला म्हणतात. "इस साल पक्का, ऐसा कोई नहीं बोलता था." जानेवारीत तिने मला सहज विचारलं आणि मी पटकन म्हणालो. त्या दिवशी घरी जाऊन ती रडली, म्हणाली. चांगलं रडली.

मी विचारलं, मग फुलं?

"फूल का मैं क्या करेगी? उसका कचरा कौन उठाएगा?"

अ‍ॅग्रीमेंटचं तिने ताहिरला कधीच सांगून ठेवलंय. घर आमचंच आहे, मृणालीचं शिक्षण होईपर्यंत. खलास. फक्त दोन गोष्टी, म्हणाली. झाडाला हात लावायचा नाही, पुन्हा कध्धी नाही. आणि शुक्रवारी यायचं, इथे उभं राहायचं आणि बोलायचं. पहिल्यासारखं.

ती गेल्यावर मी पातेलंभर वरणभात खाल्ला. विशाखाला सगळं सांगितलं. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, एवढंच ना, हे तर तुला झोपेतही जमेल.

१६ मे, शुक्रवार
आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभा राहिलो. ती वेळेच्या आधीच आली होती. खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी टेकवून बसलेली. म्हणाली, "बोलो."

मी झाडाकडे पाहिलं. चार महिने तो शब्द आपोआप पडत होता, मी काही म्हणायच्या आधी. भीतीने पडत होता, आता लिहायला हरकत नाही, प्रत्येक वेळी भीतीनेच. आज कसली भीती नव्हती. घर राहिलंय. याला फूल येत नाही हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत आहे. मी तोंड उघडलं. तो शब्द येईना. खताबद्दल काहीतरी सुरू केलं आणि मध्येच सोडलं. मग म्हणालो, बघू या, इंशाल्ला.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मी पुढे काही म्हणेन म्हणून. मान जराशी वर करून, माझ्या तोंडाकडे बघत. तसं कुणी माझ्याकडे कधी पाहिलेलं नाही. मग मान खाली घातली, काठी घेतली, उठली. हिरवं दार स्वतःच लावून घेतलं, हळू, आवाज न करता.

मी तिथेच उभा होतो. घर जाण्याची भीती मला माहीत होती, ही वेगळी आहे. तिच्याकडे जे शेवटचं उरलं होतं तेही मी काढून घेतलं की काय, ही.

विशाखाने स्वयंपाकघरातून विचारलं, बोललास का रे?

हो म्हणालो.